आठ फोटोंचा रोल



गेल्या महिन्यात आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्याचा, घरच्या सगळ्या माणसांसकट काढलेला फोटो इथे टाकला होता. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "काका, कुठल्या फोनने काढलात?" दोघा-तिघांना तर तो पन्नास वर्षांपूर्वीचा वाटला. फोटो २०२२ चा आहे, आणि फोनने काढलेला नाही. फिल्मच्या कॅमेऱ्याने काढला आहे, तोही मोठ्या फिल्मच्या. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. लांबेल, चहा घेऊन बसा.

माझ्या पिढीच्या बडोदेकरांना आगफा क्लिक थ्री आठवत असेल. काळा, पेटीसारखा, गळ्यात पट्ट्याने लटकवायचा. तो आपल्या बडोद्यातच, न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनायचा. माझे एक मामा तिथे नोकरीला होते, त्यामुळे आमच्या घरी तो लवकर आला. एका रोलवर बारा फोटो. दिवाळीला भरलेला रोल मे महिन्यातल्या मुंजीपर्यंत पुरवायचा, असा वडिलांचा दंडक. "बारा आहेत, विचार करून दाबा," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की पुढे बँकेत कर्जाचे अर्ज तपासतानाही ते कानात वाजायचं.

त्या क्लिकमध्ये जी फिल्म लागायची तिला १२० म्हणतात. हा आकडा मिलिमीटरचा नाही, तो फक्त कोडॅकने दिलेला क्रमांक. १९०१ साली ही फिल्म निघाली आणि आजही मिळते. रुंदी साधारण सहा सेंटिमीटर, मागे काळा कागद गुंडाळलेला. नंतर सगळीकडे जी छोटी फिल्म आली, छत्तीस फोटोंची, ती ३५ मिलिमीटरची. त्या छोटीचं निगेटिव्ह २४ बाय ३६ मिलिमीटर. १२० वरची निगेटिव्हं त्याहून कितीतरी मोठी, म्हणून या प्रकाराला मीडियम फॉरमॅट म्हणतात. आपल्याकडे लग्नाचे फोटोग्राफर रोलायकॉर्ड नाहीतर यशिका मॅट पोटाशी धरून वरून खाली बघत फोटो काढायचे, ते सगळं हेच. आयुष्याची शेवटची कित्येक वर्षं आपल्या बडोद्यात राहिलेल्या होमाई व्यारावाला यांचा रोलायफ्लेक्सही याच फिल्मचा.

आता मुद्द्याचं. वडील गेल्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात क्लिकची निगेटिव्हं सापडली. १९६५ च्या आसपासची, बटर पेपरात गुंडाळलेली. त्यांच्या आज प्रिंट काढल्या तर आजीच्या नथीतले मोती मोजता येतात. याउलट आमच्या पुतण्याच्या लग्नाचे फोटो २००५ साली सीडीवर मिळाले होते, ती सीडी आज कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडत नाही. लग्न होऊन वीस वर्षं झाली, संसार उत्तम चाललाय, पण लग्नाचा पुरावा आहे तो फक्त आमच्या आठवणीत.

मी सदतीस वर्षं बँकेत काढली. तिथे पहिल्या दिवसापासून एक गोष्ट शिकवतात. गहाणखत असो नाहीतर खरेदीखत, मूळ कागद तो मूळ कागद, बाकी सगळ्या झेरॉक्स. झेरॉक्स कितीही स्वच्छ असली तरी तिच्यावर कर्ज देत नाहीत. निगेटिव्ह हा मूळ कागद आहे. ज्या उजेडाने आजीचा चेहरा उजळला होता तोच उजेड त्या पट्टीवर पडला होता. ती पट्टी हातात धरून खिडकीकडे केली की काहीही न उघडता, पासवर्ड न आठवता, आजी दिसते. फोनमधल्या फोटोंबद्दल मला राग नाही. नातवंडांचे रोज येतात आणि रोज आनंद देतात. पण ते सगळे नकलेच्याच जातीचे, त्यांना मूळ कागद नाही.

म्हणून वाडा विकायचं घरात बोलणं सुरू झालं तेव्हा, साधारण २०१८ ची गोष्ट, मी ठरवलं की या वाड्याचे मूळ कागद करून ठेवायचे. जमिनीचे होतेच. घराचे नव्हते.

क्लिक शाबूत होता, पण त्याने हे काम झालं नसतं. त्याची लेन्स साधी आणि शटरचा वेग एकच. उन्हात ठीक. पावसाळी चौकात, अंधाऱ्या जिन्यात त्याचं काही चालत नाही. मग शोध सुरू केला आणि वर्षभर वाचत बसलो. निवृत्त माणसाला तेवढं एक भांडवल असतंच.

मीडियम फॉरमॅटमध्ये तीन घराणी. पहिलं रोलायफ्लेक्सचं, दोन लेन्सवालं, वरून बघायचं, त्यात डावं उजवं उलटं दिसतं. दुसरं आरशाचं, म्हणजे हॅसलब्लाड वगैरे. आत आरसा असतो, बटण दाबलं की तो खटकन वर उडतो. तिसरं रेंजफाइंडरचं. मी या तिसऱ्याकडे वळलो.

रेंजफाइंडर म्हणजे काय ते सोपं करून सांगतो. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, जमत नाही. अंतर कळायला दोन डोळे लागतात. या कॅमेऱ्यालाही दोन डोळे असतात, एकमेकांपासून काही अंतरावर दोन खिडक्या. त्यातून आलेली दोन चित्रं आत एकावर एक पडतात. मधोमध एक उजळ ठिपका असतो, तिथे माणूस दोनदा दिसतो, भूत उभं राहिल्यासारखा. लेन्सची कडी फिरवायची, भूत सरकत सरकत माणसावर येतं आणि दोघे एक झाले की फोकस बरोबर. संध्याकाळी कॅश आणि लेजर जुळल्यावर जो हुश्श व्हायचा, अगदी तो.

फायदे असे. आरसा नाही, त्यामुळे धक्का नाही, हातात धरूनही कमी उजेडात काम होतं. खिडकीतून नेहमी स्वच्छ, उजळ दिसतं, सत्तरी ओलांडलेल्या डोळ्यांना हे मोठं सुख. फोटो निघतो त्या क्षणीही समोरचं माणूस दिसत राहतं, पापणी मिटली की नाही ते कळतं. आणि एवढ्या मोठ्या निगेटिव्हच्या मानाने कॅमेरा लहान राहतो.

तोटेही सांगतो, नाहीतर उद्या कोणी म्हणेल काकांनी गळ्यात बांधलं. तुम्ही लेन्समधून बघत नाही, शेजारच्या खिडकीतून बघता. म्हणजे लेन्सवर झाकण तसंच राहिलं तरी तुम्हाला सगळं स्वच्छच दिसणार. म्हणून झाकण काढलं की ते खिशात, हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळतो. फार जवळचा फोटो निघत नाही, माझ्या कॅमेऱ्याला निदान एक मीटर अंतर लागतं. मागचं किती धूसर येईल ते आधी दिसत नाही, अंदाज लागतो.

आता कुठला घ्यावा. मामिया ७ सगळ्यात नावाजलेला, १९९५ चा. लेन्स बदलता येतात, आत उजेड मोजायची सोय. पण किंमत ऐकून आमच्या घरात एक मिनिट शांतता झाली असती. शिवाय तो बॅटरीवर चालतो, आतली इलेक्ट्रॉनिक्स बिघडली तर दुरुस्त करणारा शोधत फिरायचं. प्लाउबेल माकिना ६७ सुंदर, घडी होतो, निकॉनची लेन्स, पण नाजूक आणि तोही महाग. जर्मन सुपर आयकॉन्टा आणि रशियन मॉस्क्वा हे जुने घडीचे कॅमेरे स्वस्तात मिळतात. त्यांचा चामड्याचा भाता मात्र काळोखात टॉर्च आत धरून तपासावा लागतो, कारण सुईएवढं भोक असलं तरी रोल गेला.

मी घेतला फुजीचा जीडब्ल्यू ६९०, दुसऱ्या पिढीचा, १९८५ मध्ये निघालेला. बॅटरी नाहीच. उजेड मोजायचं यंत्र नाही, काही आपोआप नाही. लेन्स एकच, ९० मिलिमीटरची, बदलता येत नाही. वजन दीड किलोच्या आसपास. दिसायला एखाद्या साध्या कॅमेऱ्याला फुगवून मोठा केल्यासारखा. मी पहिल्यांदा गळ्यात घालून बाहेर पडलो तेव्हा पोळीतला एक पोरगा म्हणाला, "काका, आ रमकडुं छे?" निगेटिव्ह मात्र ५६ बाय ८३ मिलिमीटरच्या आसपास, छोट्या फिल्मच्या पाचपटीहून जास्त क्षेत्रफळ. त्यामुळे १२० च्या एका रोलवर फोटो फक्त आठ.

आमच्या सौ.ना आधी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या फोनला मागे तीन कॅमेरे आहेत. हा चौथा कशाला?" मी मूळ कागद आणि झेरॉक्सचं सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाड्याचे काढणार ना? मग घ्या." इतक्या झटपट मंजुरी मी कुणाच्याच अर्जाला दिली नव्हती.

२०१९ मध्ये जावई ऑफिसच्या कामासाठी टोकियोला निघाले होते. तिथे शिंजुकू भागात जुन्या कॅमेऱ्यांची बरीच दुकानं आहेत. मी त्यांना एका कागदावर तपासणीची यादी लिहून दिली. तीच इथे देतो, कारण आज कोणी घ्यायचा म्हटला तरी तीच लागेल.

एक, दूरचा खांब किंवा टॉवर बघा आणि लेन्स अनंतावर न्या. दोन्ही चित्रं तंतोतंत एक झाली पाहिजेत, डावीउजवीकडेही आणि वरखालीही. दोन, मधला ठिपका ठळक हवा. तो फिकट पडला असेल तर संध्याकाळी फोकस होणार नाही. तीन, लेन्स उघडी ठेवून मागून टॉर्च मारा. आत जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, कितीही स्वस्त असो, घेऊ नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती वाढतच जाते. चार, शटर एक सेकंदावर लावून कान द्या. आवाज सलग यायला हवा, अडखळला तर तेल सुकलंय. पाच, या फुजीच्या तळाला एक छोटा आकडा असतो, गाडीच्या किलोमीटरसारखा. दर दहा फोटोंना तो एकाने पुढे सरकतो. जावयांनी फोन केला, "बाबा, ३१२ दाखवतोय." म्हणजे ३,१२० फोटो, म्हणजे ३९० रोल. व्यावसायिकाच्या हातात फार राबलेला नव्हता. म्हटलं, घ्या. किंमत ६०,००० येन, तेव्हाच्या भावाने चाळीस हजार रुपयांच्या आत. आज तेवढ्यात मिळेल याची खात्री देत नाही.

चालवायचा खर्चही सांगून टाकतो, कारण तो कोणी सांगत नाही. आज एक रंगीत रोल, त्याची धुलाई आणि स्कॅन मिळून मला दोन हजारांच्या घरात जातो. आठ फोटो, म्हणजे फोटोमागे अडीचशे रुपये. काळा-पांढरा निम्म्यात होतो, कारण तो मी घरीच धुतो. पूर्वी आपल्या ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' मिळायची, आता सगळं परदेशी. मी इल्फर्डची एचपी फाइव्ह प्लस वापरतो. डी-७६ नावाच्या पावडरीच्या द्रावणात २० अंशाला साडेसात मिनिटं. बडोद्यात नळाला २० अंशाचं पाणी मिळतं ते जानेवारीत. एरवी माठातलं पाणी, त्यात बर्फाचे दोन खडे आणि थर्मामीटर. हायपोची भांडी वेगळी ठेवली आहेत आणि त्यांवर लाल रंगाने फुली मारली आहे. ही अट सौ.ची होती आणि योग्य होती.

मध्ये कोरोनाची दोन वर्षं गेली. त्या काळात मी कॅमेरा शिकलो, आणि वाड्याच्या कागदपत्रांचंही पुढे सरकलं. २०२२ च्या उन्हाळ्यात सौदा ठरला. गणपतीनंतर घर रिकामं करायचं होतं. आमचे आजोबा वाईहून सयाजीराव महाराजांच्या काळात नोकरीला आले, तेव्हापासून त्या देवघरात गौरी-गणपती बसत होते. ही शेवटची वेळ, म्हणून सगळ्यांनी यायचं ठरलं. इंदूरहून आतेबहीण, हैदराबादहून पुतण्या, पुण्याहून बहीण. मिळून सत्तावीस माणसं.

माझ्याकडे दोन रोल होते, म्हणजे सोळा फोटो. नातवंडं हसली. त्यांनी पहिल्या तासातच फोनवर चारशे काढले होते. मी जेवणाच्या पंगतीत हिशेब मांडला. चार फोटो सगळ्यांच्या ग्रुपचे, कारण सत्तावीस जणांत कुणाचे तरी डोळे मिटणारच. चार मी ठरवणार: दर्शनी बाजू, माडीवरून चौक, माजघर, आणि देवघरातला गणपती. एक काकूचा. उरले सात आणि घरं सात. प्रत्येक घराने एक सांगायचा. एकच.

मंडळी, तुम्हाला खरं सांगतो, त्या दुपारी जे बोलणं झालं ते गेल्या वीस वर्षांत त्या घरात झालं नव्हतं. हवे तेवढे फोटो मिळणार असते तर कोणी काहीच बोललं नसतं. एकच मिळणार म्हटल्यावर प्रत्येकाला विचार करावा लागला की या घरातलं आपलं नेमकं काय.

दादाने दिंडी दरवाजाचा उंबरठा सांगितला, मधोमध झिजून खोलगट झालेला. आतेबहिणीने चौकातला आड, कारण तिच्या आईने, म्हणजे आमच्या आत्याने, लग्न होऊन जाईपर्यंत तिथून पाणी शेंदलं होतं. बहिणीने रस्त्यावरची गजांची खिडकी, जिथून आम्ही भावंडं विसर्जनाच्या मिरवणुका बघायचो. आमच्या सौ.नी पाटा-वरवंट्याचा कोपरा. मी विचारलं, "तिथे तर तुमचे हात दुखायचे ना?" त्या म्हणाल्या, "म्हणूनच." पुतण्याने माडीचा अंधारा जिना. धाकट्या भावाने जुना विजेचा लाकडी बोर्ड, काळ्या गोल बटणांचा. सगळे हसले. आज सगळ्यात जास्त मागणी त्याच फोटोला आहे, कारण त्या बटणांचा खटका प्रत्येकाच्या बोटांना आठवतो.

सातवं घर चुलतभावाचं. वाटणीच्या आकड्यावरून त्याचं आणि दादाचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. तो पंगतीतही शेवटच्या पानावर बसला होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "बाबांची खुंटी." काका कचेरीतून आले की ओसरीवरच्या ज्या खुंटीला कोट अडकवायचे, ती. दादा मान वर न करता म्हणाला, "त्या खुंटीला हात लावला की काका रागवायचे." एवढंच. दोन वर्षांत त्यांच्यातलं पहिलं वाक्य असावं.

फोटोंचं काम दोन तास चाललं. आभाळ भरलेलं होतं, आणि ग्रुपला असा उजेड सर्वांत चांगला, कुणाच्या चेहऱ्यावर ऊन-सावली नाही. तिकाटण्यावर कॅमेरा, एफ ११, एक-तीसांश सेकंद. तीन रांगा केल्या. रेंजफाइंडरला फोकससाठी एखादी ठळक उभी रेघ लागते. मधल्या रांगेत वहिनींच्या पदराचा जरीकाठ उभा आला होता, तो धरला. दादा आणि चुलतभाऊ मागच्या रांगेत, मध्ये पुतण्या. फोटोमुळे त्यांचं भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. ते पुढे वकिलाकडेच मिटलं. पण ते दोघे एका निगेटिव्हवर आहेत, आणि ते आता कुणाला वेगळे करता येणार नाहीत.

जिन्याला उजेड इतका कमी होता की आठ सेकंद द्यावे लागले. या कॅमेऱ्यात लांब वेळेसाठी टी नावाची खूण असते. बटण दाबलं की शटर उघडं राहतं आणि बंद करायला वेगाची कडी फिरवावी लागते. कडी फिरवताना कॅमेरा हलतो, म्हणून आधी लेन्ससमोर काळं कापड धरायचं आणि मग फिरवायची. पुतण्या मोठ्याने आकडे मोजत होता. फोनवर चारशे काढणारी सगळी नातवंडं तिथे येऊन, श्वास रोखून, त्याच्याबरोबर मोजायला लागली.

काकू शेवटी. वय अठ्ठ्याऐंशी. आधी ठाम नाही म्हणाली. "एकटीचा काढू नकोस. भिंतीवर लावायला करतोयस ना? कळतं मला." मी म्हटलं, "काकू, तू झोपाळ्यावर बस. झोपाळ्याचा काढतो, तू त्यात आलीस तर आलीस." ती हसली. लग्न होऊन आली तेव्हापासून दुपारची तिची जागा तीच, पितळी कड्यांचा तो झोपाळा. ती बसली आणि सवयीने पायाने रेटा दिला. मी म्हटलं, "थोडा थांबव, हलतं घेता येत नाही." तिने पाय टेकला. "साठ-पासष्ट वर्षं हलतोय बाबा, आता तू म्हणतोस तर थांबवते." दोन मीटरवरून मी तिच्या चष्म्याच्या काडीवर दोन चित्रं एक केली आणि बटण दाबलं. सोळावा फोटो. रोल संपला.

त्याच रात्री धुतला नाही, हात थरथरत असताना टाकी हाताळू नये. दोन दिवसांनी धुतला. न्हाणीघरात चिमट्यांना अडकवून सुकत ठेवलेल्या त्या ओल्या पट्ट्या सौ.नी खिडकीच्या उजेडात बघितल्या आणि काही न बोलता बाहेर गेल्या.

२०२३ च्या सुरुवातीला वाडा पाडला. आज तिथे खाली पार्किंग आणि वर फ्लॅट आहेत. ग्रुपच्या फोटोच्या २० बाय ३० इंची प्रिंट सातही घरांत आहेत. सत्तावीस माणसं आहेत आणि मागच्या रांगेतलाही प्रत्येक चेहरा रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा आणि स्वच्छ. जानेवारी २०२४ मध्ये काकू गेली. भिंतीवर झोपाळ्याचाच फोटो लागला. तिला ते आधीच ठाऊक होतं. सहसा अशा वेळी कुठल्या तरी लग्नातल्या फोटोतून चेहरा कापून मोठा करतात, शेजारणीचा खांदा तसाच राहतो. काकू मात्र आपल्या जागेवर, आपल्या घरात बसली आहे. पाय टेकलेला आहे.

निगेटिव्हं मी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली आहेत, खरेदीखताच्या प्रतीशेजारी. खरेदीखतात वाड्याचं क्षेत्रफळ आहे आणि चतुःसीमा आहेत. आत कोण राहत होतं ते या सोळा चौकटींत आहे.

आता आपल्यापैकी ज्यांना उत्सुकता वाटली असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. हा कॅमेरा घ्यायलाच हवा असं मुळीच नाही. घरात जुना क्लिक, आयसोली किंवा कुणाचा यशिका पडून असेल तर १२० चा रोल आजही त्यात बसतो, दुरुस्त करून बघा. घेतलात तर पावसाळ्यात कपाटात ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, आणि महिन्यातून एकदा शटर सगळ्या वेगांवर चालवा. उजेड मोजायला फोनवरचं मीटर पुरतं. आणि फोटो काढण्याआधी घरच्यांना एकदा जरूर विचारा: आठच आहेत, तुला कुठला हवा?

आणि ज्यांना यातलं काहीच करायचं नाही त्यांनी निदान एवढं करा. दिवाळीची साफसफाई करताना कपाटाच्या तळाशी, ट्रंकेत, पत्र्याच्या डब्यात जुनी निगेटिव्हं सापडली तर "आता कोण बघतंय" म्हणून भंगारात टाकू नका. बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, जिथे जिथे आपले वाडे होते तिथे ते झपाट्याने जात आहेत, आणि पुष्कळ घरांचा मूळ कागद आता तेवढाच उरला आहे. प्लास्टिकच्या पिशवीतून काढा, बटर पेपरात घाला, कोरड्या जागी ठेवा. कुणाचे चेहरे आहेत ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा, कारण ते ओळखणारी माणसं घरात अजून आहेत तोवरच ते लिहून होणार आहे.

बडोद्यात कुणाला निगेटिव्हं धुऊन-पुसून स्कॅन करायला मदत हवी असेल तर सांगा. दुपारी तीन ते पाच मी मोकळाच असतो.